गेटवरच्या कॅमेऱ्याला काय विचारायचं?

सोसायटीतून स्कूटर चोरीला गेली की ऑफिसातल्या मॉनिटरभोवती गर्दी जमते. फुटेज पुढे-मागे केलं जातं आणि हाती बहुतेकदा तेच लागतं : दोघे आले, गाडी घेऊन गेले, चेहरे पुसट, नंबरप्लेटच्या जागी पांढरा ठिपका. मग पुढच्या सभेत दोन मेगापिक्सेलचे कॅमेरे काढून आठचे बसवायचा ठराव येतो. माझं म्हणणं असं, की ठरावावर सही करण्याआधी रेकॉर्डरमधलं सेटिंगचं पान एकदा उघडावं. बसवणारा माणूस कारखान्यातून आलेले आकडे बरेचदा तसेच ठेवून जातो, आणि फुटेज कामाला येणार की नाही हे त्याच आकड्यांवर ठरतं.

आधी मेगापिक्सेलचाच हिशेब मांडू. सुरक्षा कॅमेऱ्यांच्या २०१४ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार अनोळखी माणसाची ओळख पटवायची असेल तर दृश्याच्या रुंदीत दर मीटरला २५० पिक्सेल लागतात. पूर्वी पाहिलेला माणूस तोच आहे का, हे ठरवायला १२५ पुरतात. कुणीतरी आहे एवढंच कळायला २५. दोन मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल. म्हणजे साडेसात मीटर रुंदीचं गेट त्यात नीट बसतं. तोच कॅमेरा कोपऱ्यात लावून वीस मीटरचं पार्किंग कवेत घेतलं, तर मीटरला ९६ पिक्सेल उरतात आणि चेहऱ्याच्या वाट्याला जेमतेम पंधरा येतात. तिथे आठ मेगापिक्सेलचा लावला तरी मीटरला १९२ च मिळतात. महागडा कॅमेराही नापासच! तेव्हा एक कॅमेरा फक्त गेटवर रोखावा, दुसऱ्याने पार्किंगवर नुसती नजर ठेवावी. दोघांना दोन वेगळी कामं दिली की सेटिंगही वेगवेगळं ठेवता येतं.

पिक्सेल मिळाले तरी ते डिस्कवर कसे उतरतात हे बिटरेट ठरवतो. बिटरेट म्हणजे दर सेकंदाच्या चित्राला दिलेली जागा. ती कमी पडली की रेकॉर्डर बारकावे पुसून चौकोनी ठिगळं लावतो, आणि पहिला बळी चेहऱ्याचा जातो. चार मेगाबिटला एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ जीबी खातो. आठ कॅमेरे चार टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरतात. इथे सेक्रेटरी म्हणतात, बिटरेट उतरवा, महिनाभराचं फुटेज राहिलं पाहिजे. मागणी रास्त आहे, पण चेहरा न दिसणारं महिनाभराचं फुटेज काय कामाचं? कात्री लावायचीच तर फ्रेमरेटला लावावी. चालत येणारा माणूस साडेसात मीटर पार करायला पाचेक सेकंद घेतो. सेकंदाला २५ ऐवजी १२ फ्रेम ठेवल्या तरी त्याची साठ चित्रं मिळतात, आणि बिटरेट थोडा उतरवला तरी प्रत्येक चित्राला पुरेशी जागा राहते. एच.२६५ हे नवं तंत्र एच.२६४ च्या मानाने साधारण निम्म्या जागेत तोच दर्जा देतं. ते चालू करून बिटरेट निम्म्यावर आणणं ठीक. पाव केला तर मात्र गेले ते दिवस.

रात्रीचा खरा खलनायक शटर. ते ऑटोवर असलं की अंधारात कॅमेरा एकेक चित्र सेकंदाच्या पंचविसाव्या भागापर्यंत किंवा त्याहून जास्त वेळ घेतो. तेवढ्यात चालणारा माणूस पाच-सहा सेंटिमीटर सरकतो, म्हणजे चेहऱ्याच्या रुंदीचा तिसरा हिस्सा. ताशी ३६ किलोमीटरने जाणारी मोटरसायकल ४० सेंटिमीटर पुढे जाते, आणि तिची मागची नंबरप्लेट आहे वीस सेंटिमीटरची! मग अक्षरं उमटणार कशी? चालणाऱ्या माणसासाठी शटर १/१०० वर बांधून टाकावं. पन्नास हर्ट्झच्या विजेवर ट्यूबलाइटचा लपलपाटही त्याने टळतो. गाडीसाठी ते आणखी जलद हवं. यावर आक्षेप येतो की चित्र काळोखं होतं. होतंच, आणि सेटिंगमध्ये गेन वाढवून ते उजळलं तर पडद्यावर मुंग्या येतात, त्या मुंग्याच बिटरेट गिळतात. उपाय कॅमेऱ्याबाहेर आहे : गेटवर एक चांगला दिवा. दिव्याचा खर्च नव्या कॅमेऱ्यांच्या मानाने किरकोळ.

एवढं तांत्रिक कोण बघणार, हा शेवटचा आक्षेप. त्याला उत्तर एका रात्रीच्या चाचणीत आहे. कुणालातरी नेहमीच्या चालीने गेटातून आत यायला सांगावं, मागून एक गाडी नेहमीच्या वेगाने जाऊ द्यावी. मग लाइव्ह चित्राकडे न बघता रेकॉर्डिंग काढून थांबवावं, कारण मॉनिटरवरचे छोटे चौकोन बरेचदा वेगळ्या, हलक्या प्रवाहातून येतात. रेकॉर्डरचं घड्याळही तेव्हाच जुळवावं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे पुरावा म्हणून दिलेल्या फुटेजसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यामुळे मूळ फाइल जपावी. मोबाइलने पडद्याचं चित्रण करून भागवू नये. थांबवलेल्या चित्रात त्या माणसाला न ओळखणाऱ्या कुणी चेहरा सांगितला आणि नंबर वाचला, तर नव्या कॅमेऱ्यांचा ठराव खुशाल मागे घ्यावा.