दोन पिकं पेरली, जोखीम किती उरली?

बडनेऱ्याहून रेल्वेने अकोल्याकडे निघालात की वाटेत मूर्तिजापूर लागतं. याच तालुक्यातलं कंझरा गाव जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांना माहीत आहे. हैदराबादजवळच्या 'इक्रिसॅट' या संशोधन संस्थेने १९७५ पासून इथल्या निवडक घरांची पिकं, मिळकत आणि खर्च वर्षानुवर्षं नोंदवले.

आपल्याकडे कपाशीत तुरीच्या ओळी टाकतात. त्यामागचं एक कारण तुमच्या स्टॅटिस्टिक्सच्या पुस्तकात सापडेल.

समजा, कपाशीची सरासरी मिळकत ६० हजार आणि प्रमाण विचलन, म्हणजे साधारण वरखाली, ४० हजार. तुरीची सरासरी ४० हजार, विचलन ३० हजार. सरासरींची थेट बेरीज होते: एक लाख. मग विचलन ७० हजार? थांबा, इथेच मार्क जातात! दोन्ही मिळकती एकमेकींपासून स्वतंत्र असतील, तर बेरीज विचलनांच्या वर्गांची करायची. १६०० अधिक ९०० म्हणजे २५००, वर्गमूळ ५०. म्हणजे विचलन ५० हजारच. एक पीक पडलं तरी दुसरं सावरून घेतं, ते असं.

आता खर्च वजा करा. सरासरी खर्च ५० हजार, विचलन २० हजार, आणि तोही मिळकतीपासून स्वतंत्र धरू. निव्वळ सरासरी ५० हजार होईल. पण विचलन कमी होणार नाही, उलट सुमारे ५४ हजारांवर जाईल. वजाबाकीतही वर्गांची बेरीजच होते. अनिश्चितता वजा होत नसते, बाप्पा!

हाच हिशेब गावालाही लागतो. एक लाख सरासरी आणि ५० हजार विचलन असलेली चार स्वतंत्र घरं एकत्र आली, तर एकूण विचलन दोन लाख नाही, एक लाख. घरामागे फक्त २५ हजार. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ च्या प्रसिद्ध लेखात कंझऱ्यासह तीन गावांच्या नोंदी तपासल्या. घराची स्वतःची मिळकत वरखाली झाली, तरी त्याचा खर्च बराचसा गावाच्या सरासरी खर्चासोबत चालत होता. हा आधार पूर्ण नव्हता, पण होता.

मात्र या सगळ्याचा जीव 'स्वतंत्र' या एका शब्दात आहे. पाऊसच दडी मारून बसला तर कपाशी, तूर आणि शेजाऱ्याचं वावर, सगळंच एकदम बसतं. मिळकती एकमेकींच्या बरोबरीने पडू लागल्या की वर्गांच्या बेरजेत सहविचरणाची दुप्पट मिळवावी लागते. पूर्ण सोबत पडल्या, तर ते ७० हजार खरे होतात आणि चार घरांचा आधारही संपतो. दुष्काळात गावाला बाहेरची मदत लागते, ती यासाठीच.

तेव्हा घरी पेरणीचा विषय निघाला, तर 'किती पिकं?' एवढंच विचारू नका. 'ही पिकं एकाच कारणाने बुडतात का?' हेही विचारा.