पक्षाघात : तातडीचे उपचार, विशेष शुश्रूषा आणि दीर्घकालीन पुनर्वसन

प्रस्तावना :
मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा एकाएकी खंडित झाल्यास त्या भागाच्या नियंत्रणाखालील हालचाल, वाचा किंवा दृष्टी बाधित होते. या विकारास पक्षाघात म्हणतात. बोलीभाषेत त्यास ‘अर्धांगवायू’, ‘लकवा’ किंवा ‘अंगावरून वारे जाणे’ अशी नावे आहेत. लुळा पडतो तो हात वा पाय. विकार मात्र मेंदूत असतो. हे लक्षात न आल्याने तेलमालिश व घरगुती उपायांत मोलाचे तास वाया जातात. प्रस्तुत लेखात पक्षाघाताच्या उपचारांचे तीन टप्पे आणि त्यांतील परस्परसंबंध स्पष्ट केला आहे.

तातडीचे उपचार :
पक्षाघाताचे प्रमुख प्रकार दोन आहेत. बहुसंख्य रुग्णांत गुठळीमुळे रक्तवाहिनी बंद होते, तर काहींमध्ये रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव होतो. बाह्य लक्षणांवरून हे दोन प्रकार खात्रीने ओळखता येत नाहीत आणि गुठळी विरघळविणारे औषध रक्तस्रावात घातक ठरते. म्हणून सीटी स्कॅन अनिवार्य आहे. त्यापूर्वी घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नये. गिळण्याची क्रिया बिघडलेली असू शकत असल्याने अन्नपाणीही देऊ नये.

गुठळी विरघळविणाऱ्या औषधाचा तीन तासांच्या आतील उपयोग 1995 मध्ये सिद्ध झाला. 2008 मधील अभ्यासाने ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत वाढविली. मोठ्या रक्तवाहिनीतील गुठळी नलिकेद्वारे काढण्याच्या पद्धतीस 2015 मध्ये भक्कम आधार मिळाला. 2018 पासून निवडक रुग्णांत ती 24 तासांपर्यंत वापरली जाऊ लागली. तथापि, याचा अर्थ विलंब चालतो असा नव्हे. मोठी रक्तवाहिनी बंद असताना दर मिनिटास सुमारे 19 लाख चेतापेशी नष्ट होतात, असा अंदाज 2006 मध्ये जेफ्री सेव्हर यांनी मांडला. म्हणून चेहरा वाकडा होणे, हात लुळा पडणे किंवा बोलणे अडखळणे यांपैकी एकही लक्षण अचानक दिसताच, सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. रुग्ण शेवटचा धडधाकट केव्हा दिसला होता, ती वेळ डॉक्टरांना सांगावी. उपचारांची निवड तिच्यावर अवलंबून असते.

विशेष शुश्रूषा :
पक्षाघातासाठी स्वतंत्र कक्षात डॉक्टर, परिचारिका, भौतिकोपचारतज्ज्ञ व वाचोपचारतज्ज्ञ एकत्रितपणे काम करतात. अशा शुश्रूषेने मृत्यू आणि परावलंबित्व दोन्ही कमी होतात, असे अनेक चाचण्यांतून दिसून आले आहे. गिळण्याची तपासणी, रक्तदाब व साखरेवरील लक्ष, न्यूमोनिया व शय्याव्रण टाळणे या साध्या बाबींना येथे मोठे महत्त्व आहे. मात्र घाई नेहमीच हितकारक नसते. पहिल्या 24 तासांत वारंवार व अधिक प्रमाणात हालचाल करविल्यास परिणाम उलट खालावतात, असे 2015 मधील एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत आढळले.

दीर्घकालीन पुनर्वसन :
मृत चेतापेशी पुन्हा कार्य करू लागत नाहीत. परंतु सरावाने मेंदूचे इतर भाग त्यांचे काही काम स्वीकारतात. सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत अधिक असतो, तरी त्यानंतरही ती शक्य असते. आपल्याकडे रुग्ण घरी परतल्यावर ही जबाबदारी बहुधा कुटुंबावर पडते. कुटुंबीयांना प्रशिक्षण देऊन घरीच पुनर्वसन साधेल का, याची भारतातील 14 रुग्णालयांत चाचणी झाली. 1250 रुग्णांच्या या चाचणीचे निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर मृत्यू वा परावलंबित्वाचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते. कुटुंबाची माया अमूल्य असली, तरी ती प्रशिक्षित उपचारकाची जागा घेऊ शकत नाही, असाच याचा अर्थ होतो. यासोबतच नैराश्यावर उपचार, रक्तदाबाची औषधे नियमित घेणे आणि तंबाखू सोडणे हेही आवश्यक ठरते.

निष्कर्ष :
वरील तीनही टप्पे एकाच साखळीचे दुवे आहेत. रुग्णालयाने वाचविलेला जीव पुनर्वसनाअभावी अंथरुणास खिळून राहिला, तर पहिल्या दोन टप्प्यांचे यश अपुरे राहते. म्हणून तालुका पातळीवर भौतिकोपचार व वाचोपचार उपलब्ध होणे, हे शहरातील अद्ययावत यंत्रसामग्रीइतकेच निकडीचे आहे.