बर्फ वितळले, की शेत तयार?

पृथ्वी तापत चालली आहे हे तुम्ही ऐकले असेलच. मग तुमच्यापैकी एखादा विचारील, "उष्ण देशांतील शेतीचे नुकसान होईल, पण सैबेरिया, कॅनडा, अलास्का अशा थंड मुलखांत तर नवी शेते पिकतील ना?" प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी आपण अलास्कातील फेअरबँक्स या शहरी जाऊ.

हे शहर सुमारे ६५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. हिवाळ्यात पारा कधी कधी शून्याखाली ४० अंशांपर्यंत उतरतो. पण जूनमध्ये सूर्य रोज २० तासांहून अधिक वेळ तळपतो! त्यामुळे बटाटा, कोबी, बार्ली ही पिके तेथे येतात. अडचण असते ती मुदतीची. वसंतातील शेवटची गोठवणारी रात्र आणि शरदातील पहिली, यांच्यामधल्या दिवसांतच पीक हाती लागले पाहिजे. १९०६ ते २००६ या शंभर वर्षांत हा काळ ८५ दिवसांवरून १२३ दिवसांवर गेला. शेतकऱ्याला चक्क ३८ दिवस जास्त मिळाले!

मग काळजी कसली? पहिली पाण्याची. त्याच शंभर वर्षांत तेथील पाऊस व हिम मिळून ११ टक्क्यांनी घटले. दुसरी काळजी पायाखालची आहे.

या भागात पुष्कळ ठिकाणी जमीन खोलवर बारमाही गोठलेली असते. तिला 'पर्माफ्रॉस्ट' म्हणतात. तिच्यात मातीबरोबर निव्वळ बर्फाचे मोठमोठे सुळकेही असतात. बर्फवाला लादीवर भुसा पसरतो ना? तसे वरचे शेवाळ आणि जंगल या बर्फाला उन्हापासून जपते. शेतासाठी ते काढले, की भुसाच काढल्यासारखे होते. बर्फ वितळतो, माती खचते आणि सपाट शेतात खड्डे व उंचवटे तयार होतात. भूशास्त्रज्ञ ट्रॉय पेवे यांनी फेअरबँक्सजवळच्या शेतांची ही अवस्था १९५४ मध्येच नोंदवली होती. आता वाढत्या तापमानाची त्यात भर पडत आहे.

आणखी एक गोष्ट. उत्तरेकडील या गोठलेल्या भूमीत हजारो वर्षांचे वनस्पतींचे अवशेष न कुजता पडून आहेत. त्यांतील कार्बन आज हवेत असलेल्या कार्बनच्या जवळजवळ दुप्पट आहे. माती वितळली, की जीवाणू कामाला लागतात. कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन हे वायू बाहेर पडतात, आणि पृथ्वी अधिकच तापते.

म्हणून उत्तरेत काही ठिकाणी शेती वाढेल हे खरे. पण केवळ ऊब आली म्हणून शेत तयार होत नाही. त्याला पाणी हवे, खचणार नाही अशी जमीनही हवी.

एक प्रयोग करून पाहा. बर्फाचे दोन सारखे तुकडे घ्या. एक उघडा ठेवा, दुसरा लाकडाच्या भुशात पुरा. दर दहा मिनिटांनी दोन्ही पाहून नोंद करा. फेअरबँक्सच्या शेतकऱ्याची अडचण तुमच्या ताटलीतच दिसेल!