प्रकाशाचे मठारकाम

लेसर म्हटले की पोलाद कापणारी, वितळविणारी प्रखर शलाका डोळ्यांपुढे उभी राहते; परंतु विमानाच्या एंजिनातील पात्यांचे आयुष्य वाढविण्यासाठी तिची जी योजना होते, तीत धातूला उष्णतेची झळ लागू नये याचाच कडेकोट बंदोबस्त केलेला असतो. तांबट भांड्यावर मठारकाम करताना हातोडीच्या घावांनी तांब्याला जो टणकपणा आणतो, त्याच जातीचे हे काम आहे.

१९९० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत अमेरिकन वायुदलाच्या बी-१ बॉम्बफेकी विमानांतील एफ-१०१ एंजिनांच्या पंख्यांची टायटॅनियमची पाती दगा देऊ लागली. धावपट्टीवरची खडी किंवा बर्फाचा तुकडा आत ओढला गेला की पात्याच्या अग्रधारेस बारीक खाच पडे. आणि वारंवारच्या ताणाने थकणाऱ्या धातूला चीर बहुधा पृष्ठभागापासूनच जात असल्याने, त्या खाचेच्या टोकाशी ताण एकवटून पाते अखेर तुटे. तेव्हा उड्डाणापूर्वी प्रत्येक पात्याची धार हाताने तपासावी असा दंडक जारी झाला, आणि तंत्रज्ञ कापसाचे बोळे, सुती हातमोजे, फार काय, दातांत घालावयाचा दोराही तिच्यावरून फिरवून धागा कोठे अडकतो ते पाहू लागले! एवढ्या अवाढव्य युद्धयंत्राचा भरवसा कापसाच्या तंतूवर असावा, हा मामला विलक्षणच म्हणावयाचा.

यावरचा तोडगा ओहायोतील कोलंबस येथील बॅटेल संस्थेत सत्तरच्या दशकातच सिद्ध झालेला होता. पात्यावर काळा रंग किंवा काळी चिकटपट्टी लावून तिच्यावरून पाण्याचा पातळ पडदा वाहता ठेवतात आणि मग लेसरचा अवघा दहा-वीस नॅनोसेकंदांचा स्पंद सोडतात. प्रकाश पाण्यातून आरपार जातो, काळ्या थराची वरची पापडी तत्क्षणी वाफ होऊन प्लाझ्मा बनते, आणि इतक्या अल्पावधीत पाणी जागचे हलू शकत नसल्यामुळे कोंडलेल्या त्या प्लाझ्माचा, वातावरणाच्या दाबाच्या दहा हजार पटींहूनही अधिक असा दाब धातूवर पडून आघातलहर आत शिरते. जळते ते रंगाचे कवच. धातू मात्र थंडच. लहरीने आडवा पसरू पाहणारा पृष्ठस्तर भोवतालच्या धातूने आवळला जाऊन कायमचा दाबाखाली राहतो, आणि चिरेला तोंड उघडण्यापूर्वी तो दाब मोडून काढावा लागतो. बारीक पोलादी गोळ्यांच्या माऱ्याने हेच साधण्याची रीत कारखान्यांत जुनी आहे. पण तिचा प्रभाव मिलिमीटरच्या पाव भागाच्या आसपास थांबतो, तर लेसरचा मिलिमीटरभर किंवा त्याहूनही खोल पोहोचतो.

मग वीस वर्षे ही विद्या प्रयोगशाळेत का पडून राहिली? कारण त्या काळचे काचेचे लेसर खोलीभर जागा अडवीत आणि एका स्पंदानंतर निवण्यास फार वेळ घेत. कारखानदाराला असला खोळंबा परवडत नाही. अखेर सरकारी खजिना मोकळा झाला, तो युद्धविमाने जमिनीवर अडकून पडण्याची वेळ आल्यावर! चाचण्यांत, मुद्दाम खाच पाडलेली परंतु लेसरने मठारलेली पाती न मठारलेल्या अखंड पात्यांच्या तोडीस उतरली, आणि १९९७ च्या सुमारास प्रत्यक्ष उत्पादनास आरंभ झाला.

पाते पातळ असल्याने घाव दोन्ही अंगांनी एकाच क्षणी घालावे लागतात, नाहीतर ते वाकते. पुढे हे वाकणेच उपयोगी पडले: बोइंग ७४७-८ च्या पंखांच्या जाड पत्र्यांना त्यांचा बाक एकाच अंगाने घातलेल्या अशा घावांनी देण्यात आला.