निगेटिव्ह न्यायला कुणी येत नाही

फिल्म परत आलीय, असं आमच्या संपादकांनी कुठंतरी ऐकलं आणि मला पुण्यातल्या एका जुन्या डार्करूमकडं धाडलं. परत आली हे खरंच. 2009 साली कोडॅकनं कोडाक्रोम बंद केली, 2012च्या जानेवारीत कंपनीनंच दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि लोकांनी फिल्मचे मृत्युलेख लिहून टाकले. पुढं त्याच कोडॅकनं नोलनच्या 'ओपेनहायमर' या चित्रपटासाठी 65 मिलिमीटरची कृष्णधवल फिल्म मुद्दाम बनवून दिली. 2024 मध्ये पेंटॅक्सनं चक्क नवा फिल्म कॅमेरा बाजारात आणला. इतिहास एवढा पुरे. मी रमलो ते डार्करूम चालवणाऱ्या काकांच्या हातांत.

काकांनी उमेदीत लग्नांचे फोटो काढले, आता फक्त रोल धुतात. काळ्या पिशवीत कोपरापर्यंत हात घालून ते स्टीलच्या रिळावर फिल्म चढवतात. छत्तीस फोटोंची फिल्म दीड मीटरहून लांब. बोटांच्या चिमटीत ती किंचित वाकवायची आणि मधून बाहेर, घराघरानं सरकवायची. दोन वेढे एकमेकांना चिकटले तर तिथं डेव्हलपर पोचत नाही, तेवढे फोटो गेले. काका दर वेढ्याला फिल्म जराशी मागं रेटून बघतात: हलली तर घरात बसलीय. मध्येच बारीक 'कर्र' झालं. "सुटली," म्हणाले, आणि दोन वेढे उलगडून पुन्हा चढवले. डोळे सगळा वेळ समोरच्या कॅलेंडरवर.

डेव्हलपर घरचा. वहीत लिहिलंय: एका लिटरला मेटॉल 2 ग्रॅम, हायड्रोक्विनोन 5, सोडियम सल्फाइट 100, बोरॅक्स 2. हे कोडॅकचं डी-76, शंभरीला टेकलेलं. ते वापरायचं 20 अंशांवर, आणि एप्रिलातलं नळाचं पाणी त्याहून किती तरी गरम. म्हणून बर्फ, पण तोही पिशवीत बांधून, नाहीतर वितळून मिश्रण पातळ होतं. फिल्म पक्की करणारा हायपो अजून दमदार आहे का, हे बघायला रोलचं कापलेलं टोक त्यात टाकतात. त्याचा दुधाळपणा जायला लागेल त्याच्या दुप्पट वेळ फिल्म हायपोत ठेवायची. हायपोत चांदीचे क्षार विरघळतात हे शास्त्रज्ञ हर्शेलनं 1819 मध्येच, फोटोग्राफी जन्मायच्या आधी, टिपून ठेवलं होतं. काकांना हर्शेल ठाऊक नाही, आणि त्यावाचून त्यांचं अडलेलंही नाही.

गिऱ्हाईक बहुतेक कॉलेजातलं. आजोबांचा याशिका कॅमेरा माळ्यावरून काढतात, रोल धुवायला टाकतात, स्कॅन व्हॉट्सॲपवर मागतात. निगेटिव्ह न्यायला मात्र येत नाहीत. काकांचं अख्खं कपाट त्या पाकिटांनी भरलंय. फिल्मचे रंग, तिचे दाणे यांचं कौतुक मी पुष्कळ ऐकलंय, पण तेवढं तर फोनमधला फिल्टरही करतो. मला मोल वाटतं ते त्या पट्टीचं. समोरच्या माणसावरून आलेला उजेड खुद्द तिच्यावर पडलेला असतो. आणि नेमकी तीच कपाटात.

बाकी अडचणी काका बोटांवर मोजतात, आणि बोटं पुरत नाहीत. उटीचा सरकारी कारखाना, 1960 साली निघालेला हिंदुस्तान फोटो फिल्म्स, 'इंदू' फिल्म करायचा. तो बंद पडला. आता रोल परदेशातूनच येतो, म्हणजे डॉलर वाढला की रोल महागला. विमानतळांवरच्या नव्या सीटी स्कॅनरमधून गेलेली फिल्म धुरकटते. हातानं तपासा म्हणून विनवावं लागतं. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते आणि ती उघडून पुसणारे कारागीर थकले. मेटॉल सुटं मिळत नाही, दुकानदार एकदम मोठा डबा घ्या म्हणतो. हाताखाली पोरगा टिकत नाही, कारण दिवसाला चार रोलांवर दोघांचं पोट चालत नाही. काकांचा मुलगा बँकेत आहे आणि काकांना त्याचं समाधानच आहे.

दिवाळीपासून त्यांनी नियम केलाय: आधीची निगेटिव्ह नेल्याशिवाय पुढचा रोल घ्यायचा नाही. त्यापायी काही गिऱ्हाईकं तुटली. एका मुलीनं विचारलं, "काका, कुरियर कराल का?"

"करतो," काका म्हणाले, "पण पैसे आधी."