गाडी कोठे न्यायची?

'कोचिंग' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शिकवणीचा वर्ग उभा राहतो. या शब्दाचे मूळ मात्र मोठे मनोरंजक आहे. हंगेरीत कोच नावाचे एक गाव आहे. तेथील घोडागाड्या पंधराव्या शतकापासून नावाजल्या गेल्या आणि गावावरून गाडीलाच 'कोच' म्हणू लागले. पुढे एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी, परीक्षेतून पार नेणाऱ्या खाजगी शिक्षकालाही गमतीने तेच नाव दिले.

गाडी गाडीवान हाकतो. पण जायचे कोठे, हे प्रवाशानेच सांगावयाचे असते. व्यक्तिगत मार्गदर्शनाचेही तसेच आहे. समजा, एक विद्यार्थी सरांकडे तासभर वेळ मागून घेतो. इंग्रजी कच्चे आहे, घरी अभ्यासाला जागा नाही, पुढे नोकरीचे काय, वक्तृत्वस्पर्धेत पाय लटपटतात... गाऱ्हाणी सांगता सांगताच घंटा होते. गाडी मात्र जागच्या जागीच!

मग विषय निवडावा कसा? ब्रिटिश मोटारशर्यतपटू जॉन व्हिटमोर पुढे या क्षेत्रात शिरले. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाने चार पायऱ्या लोकप्रिय केल्या : ध्येय, वस्तुस्थिती, पर्याय आणि निर्धार. त्यांतही दूरचे ध्येय वेगळे आणि आजच्या बैठकीचे वेगळे. 'उत्तम वक्ता व्हायचे आहे' हे एका तासात मावत नाही. 'पहिली दोन मिनिटे कशी निभवावी?' हे मावते. शिवाय विषय आपल्या हातातला हवा. परीक्षकांचा निकाल आपल्या हाती नसतो, तयारी असते.

दुसरी पायरी वस्तुस्थितीची. टेनिस-शिक्षक टिमथी गॉलवे यांनी १९७४ च्या आपल्या पुस्तकात एक साधी युक्ती सांगितली आहे. चेंडू जमिनीवर पडताच खेळाडूने 'टप्पा' म्हणायचे, रॅकेटला लागताच 'फटका'. चूक-बरोबर ठरवण्याच्या आधी नीट पाहणे आले! आपल्या विद्यार्थ्यानेही नीट आठवले, तर कदाचित असे दिसेल की, भीती श्रोत्यांची नाहीच. पाठ केलेले वाक्य विसरण्याची आहे. तसे असेल तर विषय तेथेच बदलावा. त्यात कमीपणा नाही. प्रथम ओठांवर येते तेच खरे दुखणे असते, असे थोडेच आहे?

तेव्हा मित्रहो, सरांच्या दारावर टकटक करण्यापूर्वी एका कागदावर एकच प्रश्न लिहून न्या. उत्तर शोधताना तो खोडावा लागला, तरी तास सत्कारणी लागला असे खुशाल समजा.