पाय अस्वस्थ, मूळ मेंदूत
रायपूर : सदर बाजारातील सराफी पेढ्यांवर दिवसभर बसणाऱ्यांचे पाय दुखणे नवे नाही. मात्र अंथरुणावर पडताच पायांत काही सरपटल्यासारखे वाटणे, पाय हलविल्याशिवाय चैन न पडणे आणि चालताच आराम मिळणे, ही ‘रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम’ची लक्षणे आहेत. स्वीडनचे कार्ल एकबोम यांनी १९४५ मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन केले.

मेंदूतील लोहाची कमतरता आणि डोपामिनच्या कार्यातील बिघाड ही त्याची प्रमुख कारणे मानली जातात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार छत्तीसगडमधील १५ ते ४९ वयोगटातील ६०.८ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. त्यामुळे ही तक्रार ‘वाताची’ म्हणून सोडून देणे येथे परवडणारे नाही.

पक्षाघातानंतरही हा त्रास उद्भवू शकतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोरियातील अभ्यासात १३७ पैकी १७ रुग्णांत तो आढळला. हालचालींचे नियमन करणाऱ्या बेसल गँग्लियासारख्या खोल भागांना इजा झालेल्यांत त्याचे प्रमाण अधिक होते. या विकारामुळेच पक्षाघात होतो, हे मात्र सिद्ध झालेले नाही. त्याविषयीचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत.

पक्षाघाताचा रुग्ण रात्रभर पाय हलवीत असेल, तर डॉक्टरांना तसे सांगून फेरिटिनची तपासणी करून घ्यावी. मळमळीवरील मेटोक्लोप्रमाइडसारख्या औषधांनीही हा त्रास वाढतो.